कारागृहातील शिक्षण व रोजगार-प्रशिक्षणाच्या नियोजनाबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. गृहमंत्री
मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री
मा. महिला व बालविकास मंत्री
मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक, कारागृह व सुधारसेवा, पुणे

महोदय / महोदया,

आमची संघटना राज्यातील कारागृहांतून शिक्षा भोगून परतलेल्या स्त्री-पुरुषांची, आज आत असलेल्यांच्या कुटुंबीयांची आणि आत शिकवण्याचे काम केलेल्या शिक्षक-निदेशकांची आहे. न्यायालयाने दिलेली शिक्षा आमच्या सभासदांनी पुरी केली आहे. त्या शिक्षेत निरक्षरता, बेकारी आणि आयुष्यभराचा संशय यांचा समावेश नव्हता. या विषयावर आम्ही वेळोवेळी निवेदने दिली. ‘निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे’ या उत्तराच्या पुढे ती सरकली नाहीत. म्हणून या पत्रात मुदत आणि, शक्य तिथे, जबाबदार विभागही नोंदवले आहेत.

आत काहीच होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे कारागृहांत चालतात. शिवण, सुतारकाम, विणकाम, बेकरी यांचे विभाग आहेत. नाशिक रोडच्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती लोक हौसेने घरी नेतात. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून भाविकांच्या हाती पडले आहेत. या कामाचे कौतुक होते आणि ते रास्त आहे. पण लाडू वळणाऱ्या आणि मूर्ती घडवणाऱ्या त्या हातांना बाहेर दाखवता येईल असा कोणता दाखला मिळतो, हा प्रश्न कौतुकाच्या कार्यक्रमात कुणी विचारत नाही.

उपक्रम आहेत, नियोजन नाही. अधीक्षक उत्साही असतील तोवर वर्ग भरतो. त्यांची बदली झाली की वर्गाच्या खोलीत सामान भरले जाते. कोण आला, त्याला काय येते, तो साधारण किती काळ राहणार, सुटून कोणत्या गावी जाणार आणि तिथे कोणते काम मिळते, हे पाच प्रश्न एका कागदावर कुणी मांडलेले आमच्या सभासदांनी पाहिलेले नाही. तो कागद तयार व्हावा आणि तो शासनावर बंधनकारक असावा, ही आमची मूळ मागणी आहे. पुढच्या सर्व मागण्या त्यातून निघतात.

मागणीचा आधार

कारागृह हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्याचा विषय आहे. त्यामुळे या पत्राचे उत्तर देण्याची जबाबदारी दिल्लीवर ढकलता येणार नाही. केंद्राने जे करायचे ते केले आहे. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत शिक्षण आणि कौशल्यप्रशिक्षण यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि २०२३ मध्ये आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियमाचा मसुदा राज्यांना पाठवला गेला. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ मध्ये, न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने तुरुंग सुधारणेचा सविस्तर अहवाल देऊन ठेवला. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतील १०४ वा नियम सांगतो की बंद्यांचे शिक्षण देशाच्या सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेशी जोडलेले असावे, म्हणजे सुटल्यावर ते अडथळ्याविना पुढे चालू राहील. शिफारशींचा तुटवडा नाही.

न्यायालयांनीही संदिग्धता ठेवलेली नाही. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला राज्य सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने ती परवानगी द्यायला लावली, आणि राज्याचे अपील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये फेटाळले. कायद्याने हिरावून न घेतलेले हक्क भिंतीच्या आतही शाबूत असतात, ही गोष्ट या राज्याच्याच प्रकरणात आणि मराठी पुस्तकावरून ठरली आहे. सक्तमजुरीवरील बंद्याला न्याय्य मजुरी द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितले. जातीवरून कारागृहातील काम वाटून देणे घटनाबाह्य आहे, हे ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने स्पष्ट केले.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण ते शिकून आत गेले होते. आमच्यातील अनेक जण आत गेल्यावर सही करायला शिकले. देशातील कारागृहांमधील जवळपास दोन तृतीयांश बंदी दहावीपेक्षा कमी शिकलेले आहेत, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्यूरोचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. शिक्षणाची योजना या माणसांना समोर ठेवून व्हायला हवी. वृत्तपत्रात फोटो छापून येणाऱ्या एखाद्या पदवीधर बंद्याला समोर ठेवून ती होऊ शकत नाही.

मागणी १ : प्रत्येक बंद्याचा लेखी आराखडा

बंदी दाखल होतो तेव्हा त्याचे नाव, कलम, अंगावरच्या खुणा आणि जवळच्या वस्तू लिहून घेतल्या जातात. त्याला काय येते, हे लिहिले जात नाही. आमचे एक सभासद अटकेपूर्वी वेल्डर होते. शिक्षेची पहिली वर्षे त्यांनी बागेतले गवत काढण्यात घालवली, कारण त्या वेळी बागेत माणूस कमी होता. त्याच कारागृहाच्या लोहार विभागात वेल्डिंगचे काम बाहेरचा माणूस बोलावून करून घेतले जात होते.

शिक्षाधीन बंद्याबाबत दाखल झाल्यापासून ३० दिवसांत आणि न्यायाधीन बंद्याबाबत ४५ दिवसांत पुढील बाबींची नोंद व्हावी : वाचन-लेखन-हिशोबाची पातळी, बोलण्याची व वाचण्याची भाषा, पूर्वीचे काम, प्रकृती, घरचा उदरनिर्वाह, सुटकेची संभाव्य तारीख आणि परतण्याचे ठिकाण. त्यावरून एक पानी आराखडा बंद्याशी बोलून तयार करावा, त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि एक प्रत बंद्याजवळ राहावी. दर सहा महिन्यांनी फेरआढावा घ्यावा. आराखड्यात जात विचारली जाणार नाही, आणि कामाचे वा प्रशिक्षणाचे वाटप केवळ पात्रता व इच्छेवर होईल, अशी स्पष्ट तरतूद हवी. जबाबदारी : कारागृह विभाग.

मागणी २ : अभ्यासाचा तास हा कामाचा तास

ऑगस्ट २०२३ च्या वाढीनंतर राज्यातील कारागृहांत कुशल बंद्याला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या वसाहतीतील बंद्याला ९४ रुपये मजुरी ठरली. रक्कम लहान असली तरी याच पैशातून कॅन्टीनचा साबण येतो आणि घरी मनीऑर्डर जाते. वर्गाला बसावे तर कारखान्यातली हजेरी बुडते, असा आमच्या सभासदांचा अनुभव आहे. ज्याच्या घरी दोन मुले आहेत तो अक्षरओळखीसाठी ५३ रुपये सोडत नाही. त्याला ‘शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा देणे अन्याय आहे.

आराखड्यानुसार वर्गात किंवा प्रशिक्षणात घालवलेला वेळ, दिवसाला चार तासांपर्यंत, मजुरीच्या हजेरीत धरावा. दर तीन वर्षांनी मजुरीचा फेरविचार करणाऱ्या मंडळात कामगार विभागाचा प्रतिनिधी असावा. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाधीन बंद्याला राज्यात आज ९० दिवसांपर्यंत माफी मिळते. ती सवलत मान्यताप्राप्त व्यवसाय-प्रमाणपत्रालाही लागू करावी. निरक्षर म्हणून आलेला बंदी साक्षरतेची चाचणी उत्तीर्ण झाल्यास त्याला किमान ३० दिवसांची माफी द्यावी. पदवीधराने दुसरी पदवी घेण्यापेक्षा चाळिशीतल्या माणसाने बाराखडी शिकणे अधिक अवघड आहे, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मागणी ३ : बाहेर चालेल तेच शिकवा

शिवण विभागाचे उदाहरण पुरेसे आहे. आत सभासदांनी पायाने चालवायच्या जुन्या मशीनवर गणवेश शिवले. काहींचा हात इतका बसला होता की शिलाई मोजपट्टीने आखल्यासारखी यायची. सुटल्यावर गारमेंट युनिटमध्ये कामाला उभे राहिले, तर समोर विजेवरची ज्युकी, ओव्हरलॉक आणि काज-बटणाची मशीन. सुपरवायझरने एक कापड हातात दिले. पायाचा दाब अंदाजात बसेना, दोरा तुटला, आणि चाचणी तिथेच संपली. वर्षानुवर्षे शिवलेल्या माणसाला ‘नवशिका’ म्हणून हेल्परच्या मजुरीवर घेतले. त्याच्या हातात कसब होते. मशीन जुने होते, हा दोष त्याचा नव्हता.

कारागृहातील कारखान्यांचा हेतू आजवर मुख्यतः शासकीय कार्यालयांना लागणाऱ्या वस्तू पुरवणे हा राहिला. उत्पादन चालू राहावे. पण ज्या विभागात प्रशिक्षणार्थी आहेत तिथे यंत्रसामग्री बाहेरच्या उद्योगात वापरतात तशीच असली पाहिजे, आणि दर तीन वर्षांनी जिल्हा कौशल्यविकास कार्यालयाने ती तपासली पाहिजे.

विषय निवडताना बंदी कोणत्या जिल्ह्यात परतणार हे पाहावे. कोल्हापूर-इचलकरंजीकडे जाणाऱ्याला फाउंड्री किंवा यंत्रमाग, नाशिककडे जाणाऱ्याला द्राक्षप्रक्रिया व शीतगृह, भिवंडीकडे जाणाऱ्याला गोदामातील नोंद व फोर्कलिफ्ट, आणि कुठेही जाणाऱ्याला वायरिंग, नळजोडणी, सौरपॅनेल बसवणे, दुचाकी व मोबाइल दुरुस्ती. ही शेवटची कामे अशी आहेत की माणूस मालकाच्या दारात उभा न राहता स्वतःच्या पिशवीवर पोट भरू शकतो. ज्याच्या नावामागे गुन्हा लागला आहे त्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात किमान चार व्यवसायांच्या तुकड्या सुरू कराव्यात. आयटीआयमध्ये असते तशी एका निदेशकामागे २० ते २४ प्रशिक्षणार्थींची तुकडी असावी. जबाबदारी : कौशल्यविकास विभाग.

मागणी ४ : प्रमाणपत्रावर कारागृहाचे नाव नको

प्रमाणपत्र राज्याची व्यवसाय-प्रशिक्षण यंत्रणा, राष्ट्रीय कौशल्य व्यवस्था, मुक्त विद्यापीठ किंवा परीक्षा मंडळ यांचे असावे. त्यावर कारागृहाचे नाव, पत्ता, बंदी क्रमांक किंवा अधीक्षकांचा शिक्का असू नये. ज्यांना आत असे शिक्के असलेले कागद मिळाले ते आमचे सभासद ते पेटीतच ठेवतात. मालकाला दाखवण्यापेक्षा न दाखवणे बरे, असा त्यांचा हिशोब आहे. मागील दहा वर्षांत दिलेली अशी सर्व प्रमाणपत्रे अर्ज केल्यावर ६० दिवसांत नव्याने द्यावीत. कारखान्यात दोन वर्षांहून अधिक काम केलेल्यांना पूर्वकौशल्य चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यावे. या मागणीला शासन निर्णयाच्या एका पानापलीकडे खर्च नाही.

मागणी ५ : न्यायाधीन बंद्यांना वगळू नका

२०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतले तीन, न्यायाधीन होते. ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही त्यांनाच शिक्षणापासून सर्वांत दूर ठेवले जाते. कारण असे सांगतात की ते कधी जामिनावर सुटतील याचा भरवसा नाही. प्रत्यक्षात त्यांच्यातले अनेक जण वर्षानुवर्षे बराकीत बसून असतात.

यांच्यासाठी चार ते सहा आठवड्यांचे स्वतंत्र घटक तयार करावेत. प्रत्येक घटक आपल्यापुरता पूर्ण असावा आणि त्याचे श्रेयांक जमा व्हावेत. २०२१ पासून देशात ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स अस्तित्वात आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मिळणारी तीच सोय बंद्याला द्यायला कोणता कायदा आड येतो, हे आम्हाला कळवावे. मध्येच सुटका झाल्यास उरलेला घटक घराजवळच्या आयटीआयमध्ये किंवा अभ्यासकेंद्रात शुल्काविना पुरा करता यावा. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असावा. नकार दिल्यास त्याची प्रतिकूल नोंद होऊ नये, आणि सहभागाचा उपयोग खटल्यात कोणत्याही बाजूने होऊ नये.

मागणी ६ : परीक्षा बुडू देऊ नका

हॉल तिकीट आले, अभ्यास झाला, आणि परीक्षेच्या सकाळी ‘गार्ड मिळाली नाही’ असे उत्तर आले. हे वाक्य आमच्या बहुतेक शिकलेल्या सभासदांनी ऐकले आहे. काहींची परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्या कारागृहात बदली झाली. पुस्तके जुन्या बराकीत राहिली आणि नोंदणी जुन्या केंद्रावर.

परीक्षेच्या ६० दिवस आधीपासून निकालापर्यंत बंद्याची बदली करू नये. सुरक्षेचे कारण असल्यास ते लेखी द्यावे. बदली झालीच तर आराखडा, नोंदणी आणि पुस्तके बंद्यासोबतच जावीत. १० किंवा अधिक परीक्षार्थी असलेल्या प्रत्येक कारागृहात परीक्षा केंद्र आतच असावे. न्यायालयाची तारीख परीक्षेच्या दिवशी आल्यास अधीक्षकांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे हजेरीसाठी न्यायालयाला आपणहून पत्र द्यावे.

मागणी ७ : वेळ, जागा, दिवा

दुपारी बराकी बंद असतात आणि संध्याकाळी गिनती होऊन पुन्हा टाळे लागते. उघड्या वेळेत आंघोळ, जेवण, मुलाखत, वकील, दवाखाना हे सारे बसवायचे असते. अभ्यासाला उरते ती रात्र. त्या वेळी बराकीत शेजारी-शेजारी अंथरुणे पसरलेली असतात आणि दिवा छताला उंच लटकलेला असतो. दोन ओळी वाचायच्या तर दाराजवळची जागा धरावी लागते.

प्रत्येक सर्कलमध्ये विद्यार्थ्यांसाठी एक बराक वेगळी ठेवावी. तिथे रात्री दहापर्यंत वाचता येईल असा प्रकाश, बसायला बाके आणि प्रत्येकी किमान आठ पुस्तके ठेवण्याची मुभा असावी. न्यायालयीन हजेरीसाठी बसवलेली दूरदृश्य यंत्रणा सुटीच्या दिवशी आणि कामकाज संपल्यावर व्याख्यानांसाठी वापरावी. खुल्या इंटरनेटची मागणी आम्ही करत नाही. पाठ्यसामग्री साठवलेला, बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेला संगणक पुरेसा आहे.

साक्षरतेचे वर्ग बंद्याला कळेल त्या भाषेत सुरू व्हावेत. गडचिरोलीकडून आलेल्या माडिया-गोंडी बोलणाऱ्या माणसाला थेट प्रमाण मराठीचे पुस्तक देणे म्हणजे त्याला वर्गाबाहेर काढणे. उर्दू, हिंदी आणि बंगाली भाषकांबाबतही हेच.

मागणी ८ : महिला बंदी

महिला विभागांत आमच्या भगिनींना शिवण, भरतकाम, पापड-लोणची यांपलीकडे फारसे काही शिकवले गेले नाही. न्या. कृष्ण अय्यर यांच्या समितीने महिला बंद्यांविषयी १९८७ मध्ये अहवाल दिला, त्याला जवळपास चार दशके होत आली. सुटल्यावर अनेकींना सासर-माहेर दोन्ही दारे बंद असतात. पुरुषाला परतायला घर असण्याची शक्यता अधिक. बाईला पहिल्या दिवसापासून स्वतःच्या कमाईवर उभे राहावे लागते. म्हणून तिला अधिक मोलाचे कौशल्य हवे, आणि आज तिला कमी मोलाचे मिळते.

पुरुष विभागात उपलब्ध असलेला प्रत्येक अभ्यासक्रम महिला विभागातही असावा. संगणकावरील हिशोब, रुग्णसहायक, वाहनचालक आणि विद्युतकाम यांचा त्यात समावेश असावा. संख्या कमी आहे, तुकडी भरत नाही, हे कारण चालणार नाही; महिलांसाठी पाच जणींचीही तुकडी मान्य करावी. आईसोबत सहा वर्षांपर्यंतचे मूल राहू शकते. मुलांसाठी पाळणाघर व बालवाडी असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले आहे. त्यांची वेळ आईच्या वर्गाच्या वेळेशी जुळवावी.

मागणी ९ : शिकवणारी माणसे

शिक्षक आणि निदेशकांची मंजूर पदे सहा महिन्यांत भरावीत. दर १०० नोंदणीकृत विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ शिक्षक असावा. शिक्षकाला पहाऱ्याचे, नोंदवहीचे किंवा बंदोबस्ताचे काम देऊ नये. शिकलेल्या बंद्यांना सहाय्यक शिक्षक म्हणून कुशल दराने मजुरी द्यावी. आमच्या कितीतरी सभासदांना पहिले अक्षर दुसऱ्या बंद्यानेच शिकवले आहे, आणि तेही बिनपगारी.

मागणी १० : सुटकेनंतरचे पहिले वर्ष

सुटकेच्या दिवशी माणसाच्या हातात पिशवी, थोडे पैसे आणि सुटकेचा कागद असतो. आराखड्याचा खरा उपयोग इथून सुरू व्हायला हवा.

सुटकेच्या ९० दिवस आधी आधार, बँक खाते, शिधापत्रिका आणि वाहन परवाना यांची कागदपत्रे पूर्ण करावीत. प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला त्याच्या व्यवसायाची अवजारे द्यावीत; वायरमनला त्याची पेटी, शिंप्याला मशीन. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली. तारण-जामीनदाराशिवाय, ७ टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज बंद्याला त्यातून मिळू लागले, आणि फेड त्याच्या मजुरीतून ठरली. बंदी कर्ज फेडू शकतो, हा विश्वास एका बँकेने दाखवला. तोच विश्वास सुटलेल्या माणसावर दाखवावा : याच अटींवर एक लाखापर्यंतचे कर्ज, पहिले सहा महिने हप्त्याची सूट, आणि राज्य शासनाची हमी.

आणखी एक गोष्ट. आमच्या एका सभासदाला गॅरेजमध्ये काम लागले होते. चौकशीसाठी गणवेशातील पोलीस गॅरेजवर आले, सहज विचारपूस करून गेले. दुसऱ्या दिवशी मालकाने हिशोब करून पैसे हातात ठेवले. त्या मालकाला आम्ही दोष देत नाही. न्यायालयाचा आदेश वा नवा गुन्हा नसताना कामाच्या ठिकाणी चौकशी करू नये, आवश्यक माहिती ठाण्यात बोलावून कामाची वेळ सोडून घ्यावी, असे परिपत्रक गृह विभागाने काढावे. चारित्र्य पडताळणीत शिक्षा पूर्ण झाल्याची आणि मिळवलेल्या प्रमाणपत्राची नोंदही यावी. जिथे पदाचा गुन्ह्याशी संबंध नाही, तिथे कंत्राटी शासकीय कामांतून मुक्त बंद्यांना सरसकट वगळू नये.

हे शक्य आहे

राज्यात ४०० हून अधिक शासकीय आयटीआय आहेत. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहाच्या आसपास त्यांतली एक तरी आहे. इमारती, शेड, वीज, मनुष्यबळ आणि दिवसाचे रिकामे तास कारागृहांत आजच आहेत. नवे लागणार आहेत ते निदेशक, काही यंत्रे आणि चार विभागांना एकाच टेबलावर बसवणारा आदेश. कारागृहे खचाखच भरलेली असताना हे कसे करायचे, असे विचारले जाईल. गर्दी खरी आहे. तीच या मागणीच्या बाजूचे कारणही आहे, कारण काम मिळालेला माणूस पुन्हा आत येण्याची शक्यता कमी होते.

धाडस करायला हे राज्य नवे नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत औंध संस्थानात १९३९ मध्ये उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडमध्ये जन्मलेले मॉरिस फ्रिडमन यांनी गंभीर गुन्ह्यांतील बंद्यांना भिंतीशिवाय, शेतीवर आणि पुढे कुटुंबासह राहू दिले. त्यावरून १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला आणि जगाने तो पाहिला. एका लहान संस्थानाने तुटपुंज्या तिजोरीवर जे करून दाखवले, ते आजच्या महाराष्ट्राला परवडत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही. पैठण, मोर्शी, विसापूर आणि येरवडा येथील खुल्या कारागृहांत शेतीसोबत प्रमाणित कृषी अभ्यासक्रम सुरू करणे ही तर सर्वांत सोपी सुरुवात आहे. जमीन तिथे आहे, माणसे तिथे आहेत, कामही रोज होते. फक्त त्याला अभ्यासक्रमाचे रूप आणि प्रमाणपत्र हवे.

गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांचा विचार या मागण्यांत कुठे आहे, असेही विचारले जाईल. प्रश्न योग्य आहे. १९९८ च्या निकालातच मजुरीचा काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी वेगळा काढण्याची वाट दाखवली आहे. मजुरी न्याय्य झाल्यास त्यातून अशी कपात करण्यास या संघटनेची संमती आहे. ५३ रुपयांतून भरपाई निघत नाही.

मुदत आणि अंमलबजावणी

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत सर्व संबंधित विभागांची संघटनेसोबत बैठक व्हावी आणि तिचे इतिवृत्त १५ दिवसांत मिळावे. ९० दिवसांत मागणी १, २, ४ आणि ६ बाबत शासन निर्णय निघावा. या चारही बाबींना मोठी तरतूद लागत नाही. बारा महिन्यांत येरवडा, मुंबई, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, कोल्हापूर, हर्सूल, अमरावती आणि नागपूर या नऊ मध्यवर्ती कारागृहांत संपूर्ण योजना लागू व्हावी, आणि चोवीस महिन्यांत जिल्हा कारागृहांत. येत्या अर्थसंकल्पात कारागृह शिक्षण व प्रशिक्षणासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे.

राज्यस्तरीय देखरेख समितीत संघटनेचे दोन प्रतिनिधी घ्यावेत, त्यांतील एक महिला. ते पूर्वी शिक्षा भोगलेले आहेत, या कारणावरून त्यांचे नाव नाकारले जाऊ नये. त्याच अनुभवासाठी ते तिथे हवेत. समितीने दरवर्षी किती आराखडे झाले, किती बंद्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, किती परीक्षा बुडाल्या व का, आणि सुटकेनंतर एका वर्षाने किती जण कामावर आहेत, हे कारागृहनिहाय जाहीर करावे.

संघटनेच्या बाजूने आम्ही पुढील जबाबदारी घेत आहोत. सुटणाऱ्या बंद्याला पहिले काम मिळेपर्यंत सोबत देण्यासाठी प्रत्येक मध्यवर्ती कारागृहामागे आमचे दोन सभासद विनामोबदला उपलब्ध असतील. कारागीर सभासद पाहुणे निदेशक म्हणून आत जायला तयार आहेत; प्रवेशाची परवानगी अर्जापासून २१ दिवसांत द्यावी.

३० दिवसांत बैठक न झाल्यास हे मागणीपत्र आम्ही विधिमंडळाच्या सर्व सदस्यांना देऊ. ९० दिवसांत शासन निर्णय न निघाल्यास मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करू. तिचा मसुदा तयार आहे.

संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने,

अध्यक्ष              कार्याध्यक्ष              सचिव

सोबत : सभासदांच्या सह्यांची यादी, शिक्का असलेल्या प्रमाणपत्रांच्या नाव झाकलेल्या प्रती, वैयक्तिक आराखड्याचा नमुना.